आयसीडी बसवल्यावर गाडी आणि घरातलं रोजचं जगणं : आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

आमच्या ह्यांना २०२२ च्या फेब्रुवारीत आयसीडी बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, छातीत डाव्या बाजूला कॉलरच्या हाडाखाली एक चपटी डबी ठेवतात, काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी, आणि तिथून शिरेतून एक वायर हृदयात सोडलेली असते, ठोके भलतेच वाढून जिवावर बेतलं तर ही डबी आतूनच शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणते. ह्यांना २०१७ ला अटॅक येऊन गेलेला, स्टेंट आहे, हृदयाचं पंपिंग कमीच होतं, आणि त्या दिवशी कराडच्या मंडईत मेथीची जुडी हातात असताना उभ्याउभ्या कोसळले. तिथल्या लोकांनी लगेच रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं म्हणून आज मी हे लिहितेय.

पुढे पुण्याला नेलं, मशीन बसलं, डिस्चार्जच्या दिवशी फाईल दिली, मशीन बसवल्याचं कार्ड दिलं, एका मुलीने बसून दहापंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं पण खरं सांगते त्यातलं अर्धं माझ्या कानात शिरलंच नाही, डोक्यात एकच की माणूस घरी चाललाय. त्यामुळे पुढच्या वर्षभरात आम्ही जवळजवळ प्रत्येक चूक करून बसलो. त्याच लिहितेय, म्हणजे तुमच्या घरी तरी होऊ नयेत.

"आता मशीन आहे ना, मग कसली भीती"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून आल्या.

घरी येऊन तिसरा आठवडा होता. जखम सुकलेली, जेवण नीट चाललेलं, सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात हे ॲक्टिवा काढून दुधाला गेले. डॉक्टरांनी ६ महिने गाडी नाही म्हणून बजावलेलं होतं, फाईलवर लिहूनही दिलेलं. परत आले तेव्हा मी दारातच, आणि ह्यांचं म्हणणं असं की अगं आता उलट मी इतरांपेक्षा सेफ आहे, काही झालं तर शॉक बसेल आणि मी ठीक. सासूबाईंनाही ते पटलं. मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या चेकिंगला मी डॉक्टरांना हेच विचारलं आणि त्यांनी जे सांगितलं ते आयुष्यात विसरणार नाही. ठोके वाढले की मशीन आधी ते खरोखर धोक्याचे आहेत का हे बघतं, बऱ्याचदा आधी भराभर बारीक ठोके देऊन न दुखवता थांबवायचा प्रयत्न करतं, नाही जमलं तर चार्ज होतं आणि मग शॉक देतं. या सगळ्याला साधारण १० सेकंद जातात, कधी जास्तही. आणि मेंदूला रक्त मिळालं नाही तर माणसाची शुद्ध त्याच्याआधीच हरपू शकते. म्हणजे मशीन जीव वाचवतं, पण शुद्ध हरपणार नाही असं कुणीच म्हटलेलं नाही. आता हिशेब करा, ताशी ६० च्या वेगाने गाडी असेल तर १० सेकंदांत ती दीडशे मीटरच्या वर जाते, आणि तेवढं अंतर ती गाडी कुणीच चालवत नसतं. समोर शाळेची पोरं असतील, दूधवाला असेल. वर शुद्ध असतानाच शॉक बसला तरी माणूस असा दचकतो की हातातलं स्टेअरिंग जागेवर राहील याची खात्री नाही.

तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही कामाला एकच प्रश्न. हे करताना १० सेकंद शुद्ध गेली तर काय होईल? खुर्चीत बसून पेपर वाचताना गेली तर काही नाही. शिडीवर, विहिरीच्या कठड्यावर, टू-व्हीलरवर गेली तर काय होईल ते तुम्हीच सांगा. हा प्रश्न पाठ झाला की अर्धी यादी लक्षात ठेवावी लागत नाही.

किती दिवस थांबायचं, आणि हे कुणाला विचारायचं

इथे लोक फार गोंधळतात कारण एकाला डॉक्टर महिना सांगतात, दुसऱ्याला सहा महिने, मग वेटिंग रूममध्ये बसून दोघं एकमेकांशी तुलना करतात आणि ज्याला जास्त सांगितलंय तो घरी येऊन म्हणतो आपला डॉक्टर उगाच घाबरवतो. तसं नाहीये. मशीन कशासाठी बसवलं त्यावर ते ठरतं. काहींना अजून काहीच झालेलं नसतं, पंपिंग फार कमी आहे म्हणून पुढचा धोका ओळखून मशीन बसवतात, त्यांची मुदत कमी. आमच्यासारखे जे एकदा कोसळलेले आहेत, ज्यांचे ठोके खरंच बिघडून शुद्ध गेलेली आहे, त्यांची मुदत जास्त, कारण तसं परत होण्याची शक्यता पहिल्या काही महिन्यांत जास्त असते.

आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्यात आयसीडीसाठी इतके महिने असा आकडा छापलेला नाही, पण म्हणून मोकळं रान आहे असं समजू नका. लायसन्सचा जो फॉर्म १ असतो, आपण न वाचता सही करतो तो, त्यात पहिलाच प्रश्न साधारण असा आहे की तुम्हाला फिट किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचा, चक्कर येण्याचा त्रास आहे का. त्याखाली सही आपली असते. चाळिशीच्या पुढे लायसन्स काढताना किंवा रिन्यू करताना डॉक्टरांचा फॉर्म १-ए पण लागतो. तिथे मशीनची गोष्ट लपवून कुठल्यातरी ओळखीच्या दवाखान्यातून शिक्का मारून आणणं ही चूक अजिबात करू नका, उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आणि कोर्ट दोन्हीकडे तोच कागद समोर येईल. ह्यांच्या हार्टच्या डॉक्टरांकडून आम्ही लेखी घेतलं, कधीपासून चालवू शकतात, कुठली गाडी, काही अट आहे का. तोंडी "हो हो चालवा" वर समाधान मानू नका.

ब्रिटनमध्ये मात्र आकडे स्पष्ट लिहिलेले आहेत, माझा चुलतभाऊ तिकडे असतो त्याच्याकडून कळलं आणि मग मी वाचून काढलं. तिकडे धोका ओळखून आधीच बसवलं असेल तर १ महिना, ठोके बिघडून गेल्यावर बसवलं असेल तर ६ महिने गाडी बंद, आणि हे लायसन्स खात्याला स्वतःहून कळवावं लागतं. नुसती डबी बदलली, म्हणजे बॅटरी संपली म्हणून, तर १ आठवडा. ट्रक, बस चालवायचं लायसन्स असेल तर ते कायमचं बंद. तिकडे आपली मुलं-सुना राहतात आणि आईवडील सहा महिने जाऊन राहतात, तिथे मुलाची गाडी चालवायची हौस असेल तर हे आधी बघून घ्या.

आणि हा धंद्याच्या गाडीचा विषय फार दुखरा आहे. चेकिंगला आमच्या शेजारी एक वडापची जीप चालवणारे काका बसायचे. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं की प्रवासी गाडी आता नाही. त्यांचं घर त्या जीपवर होतं. त्यांना कुणी सल्ला द्यावा इतकी माझी लायकी नाही, पण एवढं सांगते की मशीन बसवायचं ठरतंय तेव्हाच, ऑपरेशनच्या आधी, डॉक्टरांना सांगा की मी ड्रायव्हर आहे, रिक्षा आहे, टेम्पो आहे, जेसीबी आहे. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, घरात बोलायला, गाडी भावाच्या हातात द्यायला किंवा मालकाकडे दुसरं काम मागायला वेळ मिळतो. बरेच जण नोकरी जाईल म्हणून गप्प बसतात आणि गाडीत मागे पंधरा माणसं असतात.

टू-व्हीलरबद्दल माझं मत कडक आहे. कारमध्ये निदान पत्रा आहे, पट्टा आहे. स्कूटरवर दोन सेकंदांची चक्करसुद्धा पाडते. आमची ॲक्टिवा शेवटी मुलाला दिली, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

शॉक बसला की दिवस परत मोजायचे

हे आम्हाला कुणी सांगितलेलं आठवत नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. आषाढी एकादशी आली. सहा महिने पूर्ण व्हायला महिना उरला होता, हे खुश होते, गाडी धुऊन ठेवलेली. एकादशी ह्यांची कडक. सकाळच्या गोळ्या "उपाशीपोटी नको" म्हणून घेतल्याच नाहीत, मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बारस सोडली आणि संध्याकाळपासून जुलाब सुरू, बाहेर पाऊस, आणि त्यात लघवी साफ व्हायची जी गोळी असते ती मात्र आठवणीने घेतली कारण पाय सुजतील ही भीती. रात्री दोन वाजता पलंगावर बसलेले असताना एकदम अंग उडालं. छातीत आतून कुणीतरी जोरात बुक्की घातल्यासारखं वाटलं म्हणाले. मी त्यांचा हात धरलेला होता, मला बारीक मुंग्या आल्यासारखं झालं, बाकी काही नाही.

आता इथे आम्ही काय चुकलो ते नीट वाचा. एक शॉक बसला, माणूस शुद्धीत आहे, छातीत दुखत नाही, दम नाही, तर घाबरून जाऊ नका, बसवा, सोबत राहा, हॉस्पिटलला फोन करा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मशीन तपासून घ्या. पण दुसरा शॉक बसला, किंवा एकच बसला पण माणूस बरा वाटत नाही, तर १०८ लावायचा आणि निघायचं, वाट बघायची नाही. ह्यांना दहा मिनिटांनी दुसरा बसला आणि मी तरीसुद्धा लिंबू सरबत करत बसले, एवढ्या रात्री कुणाला उठवायचं म्हणून. तिसरा बसला तेव्हा शेजारच्यांनी त्यांची गाडी काढली. हॉस्पिटलात रक्तातलं पोटॅशियम २.९ निघालं, म्हणजे बरंच कमी. जुलाबात गेलं, त्या लघवीच्या गोळीने आणखी गेलं, ठोक्यांची गोळी पोटात नव्हती, मग हृदय चवताळणार नाही तर काय. मशीनने त्याचं काम चोख केलं होतं, चूक सगळी आमच्या स्वयंपाकघरात झालेली.

म्हणून उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या कुठल्याही देवासाठी बंद करू नका, देव रागावत नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर घरगुती उपाय करत दोन दिवस काढू नका, त्याच दिवशी फोन करून विचारा की लघवीची गोळी घ्यायची का, रक्त तपासायचं का. आणि गावातल्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्याला गेलात तरी कार्ड आधी दाखवा, कारण ॲझिथ्रोमायसिन सारखी रोजची अँटिबायोटिक किंवा उलटीवरची ऑन्डनसेट्रॉन, या साध्या वाटणाऱ्या गोळ्या काही पेशंटमध्ये ठोक्यांची लय बिघडवू शकतात. सर्दीच्या काही औषधांनी ठोके वाढतात. मेडिकलवाल्याला "काहीतरी द्या" म्हणणं आमच्याकडे आता बंद.

आणि गाडीचं काय, तर डॉक्टरांनी जुलैपासून परत ६ महिने सांगितले. हे त्या दिवशी रडले. गाडीसाठी नव्हे, मला वाटतं आपण कधीच पूर्वीसारखे होणार नाही या विचाराने. ब्रिटनच्या नियमात तर शॉकच्या वेळी माणूस भान हरपला असेल तर २ वर्षांपर्यंत सुद्धा थांबवतात. तेव्हा शॉक लपवून ठेवू नका. मशीनमध्ये सगळं तारीखवार नोंदलेलं असतं, चेकिंगला बसल्याबसल्या कळतं.

बाथरूममधला शॉक, ज्याचा हृदयाशी संबंधच नव्हता

हे मी मुद्दाम मोठं लिहितेय कारण आपल्याकडच्या घरांत हे फार होण्यासारखं आहे आणि कुणी बोलत नाही.

डिसेंबरची थंडी. हे अंघोळ करत होते, गिझर चालू, एक हात नळावर, पाय ओल्या फरशीवर, आणि शॉक बसला. ओरडले म्हणून मी दार ढकलून आत गेले. ह्यांची शुद्ध गेलेली नव्हती, चक्कर नव्हती, काही नव्हतं, तोपर्यंत गाणं म्हणत होते. आम्ही थेट गोळ्यांना दोष दिला. पण पुण्याला मशीन तपासलं तेव्हा तिथल्या टेक्निशियनने स्क्रीनवर दाखवलं, ठोक्यांच्या मधेमधे बारीक दाट रेघा, आणि म्हणाला हा तुमच्या घरातला करंट आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, गिझरचं कॉइल गळकं आणि अर्थिंग नीट नाही तर नळातून अगदी थोडा करंट अंगात येतो, आपल्याला तो जाणवत पण नाही किंवा "जरा चुरचुरतंय" एवढंच वाटतं, पण मशीनला वाटतं की हृदय वेडंवाकडं धडधडतंय, आणि ते इमानदारीत शॉक देऊन मोकळं होतं.

घरी येऊन वायरमनला बोलावला. अर्थिंगची तार बोर्डाच्या मागे नुसतीच लोंबत होती, कुठे जोडलेलीच नव्हती, घर बांधल्यापासून. नवं अर्थिंग केलं, गिझर बदलला आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी बसवला, जो करंट गळाला की लगेच वीज तोडतो. मशीन घरी यायच्या आधी हे काम करून घ्यायला हवं होतं. तुमच्याकडे फ्रीजला, वॉशिंग मशीनला, मोटरच्या पाइपला, जुन्या इस्त्रीला कधी झिणझिण्या आल्या असतील आणि तुम्ही "स्लीपर घालून हात लावा" म्हणून विषय संपवला असेल, तर तो विषय आजच काढा. आणि गिझर असेल तर पाणी तापवून बटण बंद करून मगच आत जायचं, हे आमच्या घरात आता मुलंही करतात.

या शॉकनंतरसुद्धा गाडी लांबली, कारण बिघाड सापडून, दुरुस्त होऊन वर एक महिना नीट जाईपर्यंत डॉक्टर हो म्हणाले नाहीत.

चुंबक, मोबाइल आणि नको तेवढी भीती

इथे दोन प्रकारची घरं असतात, एक बेफिकीर आणि एक मिक्सरलाही हात न लावू देणारी. आम्ही आधी दुसरी होतो. सासूबाई टीव्हीपुढे सुद्धा बसू देईनात. तर मिक्सर, टीव्ही, फॅन, मायक्रोवेव्ह, फ्रीज, कॉम्प्युटर, नीट अर्थिंग असेल तर बिनधास्त. मोबाइल उजव्या कानाला लावायचा आणि शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा नाही, मशीनपासून वीतभर, म्हणजे १५ सेंटीमीटर तरी लांब. आपल्याकडच्या शर्टांना खिसा नेमका डावीकडेच असतो, त्यामुळे सवय मोडायला वेळ लागतो, मी सरळ तो खिसा शिवून टाकला.

खरी काळजी चुंबकाची. चांगलं चुंबक छातीजवळ आलं की मशीन शॉक द्यायचं काम तेवढ्यापुरतं थांबवतं, हे मुद्दाम तसं केलेलं असतं ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून. पण म्हणजे चुंबक चिकटलेलं असताना ठोके बिघडले तर मशीन गप्प बसणार. नव्या मोबाइलच्या पाठीला, इअरबड्सच्या डबीला, पाकिटाच्या बटणाला, ओळखपत्राच्या क्लिपला चुंबक असतात. आणि आमच्या वन्संनी प्रेमाने मॅग्नेटिक गादी आणली होती, पाठदुखीला चांगली म्हणून, तीस हजारांची. मी नको म्हटलं तर वाईट वाटलं त्यांना, तरी परत पाठवली. रक्ताभिसरणवाले मॅग्नेटचे ब्रेसलेट, माळ, उशी, काहीही घेऊ नका. गणपतीत डीजेच्या भिंतीला टेकून उभं राहू नका, त्या स्पीकरमध्ये मोठं चुंबक असतं, आरतीला मंडपात उभं राहायला हरकत नाही.

इंडक्शन शेगडीपासून २ फूट लांब. आम्ही ती मुलाच्या होस्टेलला देऊन टाकली, ह्यांना चहा स्वतः करायची सवय आहे. देवळात, मेट्रोला, एअरपोर्टला जी चौकट असते तिच्यातून सरळ चालत जायचं, टेकून थांबायचं नाही, आणि हातातलं यंत्र छातीवरून फिरवू द्यायचं नाही, कार्ड दाखवून हाताने तपासा म्हणायचं. आम्हाला आजपर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही. कपड्यांच्या दुकानाच्या दारात जे खांब असतात त्यांच्यामध्ये उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, एवढंच.

शेतात आणि गाडीच्या बॉनेटखाली

आमचं थोडं रान आहे, त्यामुळे हे शिकावं लागलं. रानडुकरांसाठी कुंपणाला जे झटका मशीन लावतात त्याच्या तारेला ह्यांनी हात लावायचा नाही, जवळून जातानाही अंतर ठेवायचं. वेल्डिंग आम्ही पूर्ण बंद केलं, दिराचं छोटं वर्कशॉप आहे तिथे हे नुसते बसायला जातात ते पण वेल्डिंगच्या मशीनपासून लांब. इंजिन चालू असताना बॉनेट उघडून आत वाकून बघायची पुरुषांना फार खोड असते, चालू इंजिनच्या प्लगपासून आणि अल्टरनेटरपासून छाती फूटभर तरी लांब हवी, त्यापेक्षा इंजिन बंद करूनच बघा. कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, नारळाचं झाड, विहिरीत पोहणं, या सगळ्याला तो वरचा १० सेकंदांचा प्रश्न विचारा. पोहायचंच असेल तर डॉक्टरांचा होकार आल्यावर, उथळ पाण्यात, आणि सोबत असं माणूस ज्याला बाहेर ओढता येईल.

डावा हात

पहिले ४ ते ६ आठवडे डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि जड उचलायचं नाही, वायर जागची हलू नये म्हणून. आम्ही घाबरून, घरात असताना हात गळ्यातच बांधून ठेवला दोन महिने, आणि खांदा आखडला. मग त्या खांद्यासाठी एका ठिकाणी फिजिओथेरपीला नेलं तर तिथे शेक द्यायचं डायथर्मी मशीन लावायला निघाले, मी सहज कार्ड दाखवलं म्हणून थांबले. डायथर्मी आणि करंट द्यायच्या मशीनला आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. हात खांद्याच्या खाली हलता ठेवा, रोज. जखमेवर हळद, तेल, शेक काही नाही, लाल झाली, पाणी आलं, ताप आला तर तिथल्या तिथे हॉस्पिटल.

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी चालतं. एमआरआयला मशीन आणि वायर दोन्ही एमआरआयमध्ये चालणाऱ्या प्रकारची हवी आणि आधी सेटिंग बदलून घ्यावं लागतं. कुठलंही ऑपरेशन, अगदी दाताचं किंवा मोतीबिंदूचं असलं तरी आधी सांगायचं.

आणि छातीत दुखायला लागलं तर "मशीन बघून घेईल" म्हणून झोपून राहू नका. हृदयाची नळी ब्लॉक झाली तर ती या मशीनला उघडता येत नाही, ते काम वेगळं. माणूस कोसळला, मशीन काही करत नाहीये असं वाटलं, तर छाती दाबायला सुरुवात करायची, मशीन आहे म्हणून हात आखडायचा नाही, आपल्याला काही होत नाही. मी आणि मुलाने ते शिकून घेतलंय.

जे कुणी विचारत नाही

तीन शॉकनंतर हे महिनाभर एकटे बाथरूमलाही जाईनात. रात्री जागे. पुढचा कधी बसेल याची वाट बघत बसलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलंय. आम्ही ते "होईल हळूहळू" म्हणून सोडून दिलं, ही पण चूकच. शेवटी डॉक्टरांनीच मानसोपचाराला पाठवलं आणि चार बैठकांत फरक पडला. नवराबायकोच्या जवळिकीचीही भीती असते दोघांना, लाजू नका, डॉक्टरांना विचारा, बहुतेकांना काही अडचण नसते आणि शॉक बसलाच तर जोडीदाराला इजा होत नाही.

अजून एक, लिहिताना हात जड होतोय पण लिहिते. माणूस गेल्यावर अग्नी द्यायच्या आधी ही डबी काढायला सांगावी लागते, उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. आणि कॅन्सरसारख्या आजारात शेवटचे दिवस असतील तर शॉकचं काम बंद करून घेता येतं, म्हणजे जाणाऱ्या जिवाला शेवटच्या तासांत शॉक बसत नाहीत. ह्यांनी स्वतःच मला हे डायरीत लिहून दिलंय.

गाडी परत हातात घेतली तेव्हा

२०२३ च्या फेब्रुवारीत लेखी परवानगी मिळाली. फक्त कार, स्वतःची. पहिले पंधरा दिवस गावातल्या गावात, दिवसा, शेजारी मी किंवा मुलगा. गोळ्या घेतल्याशिवाय चावी नाही. झोप झालेली नसेल, पोट बिघडलेलं असेल, आदल्या दिवशी धडधड जाणवली असेल तर त्या दिवशी गाडी नाही. डोळ्यांपुढे अंधारी, छातीत फडफड, काहीही वेगळं वाटलं की इंडिकेटर देऊन कडेला घ्यायची, "जरा पुढचा ढाबा येऊ दे" नाही. पुण्याच्या वाटेवर घाटात मुलगा चालवतो, ही माझी अट. बारीक आवाजात बीप वाजला किंवा छातीत थरथरलं तर तो मशीनचा इशारा असतो, बॅटरी किंवा वायरचा, तेव्हाही गाडी बाजूला आणि फोन.

सीटबेल्ट डबीवर घासतो म्हणून बरेच जण तो लावत नाहीत. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे, त्यामुळे चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि डाव्या बाजूच्या डबीला लागत पण नाही. घासतो तो शेजारच्या सीटवर, जिथे पेशंटला आपण आरामात बसवतो. तिथे बसताना हे पट्ट्याखाली एक मऊ नॅपकिन घडी करून ठेवतात, तो गाडीच्या दाराच्या कप्प्यातच असतो, धुवायला काढला की मी लगेच दुसरा ठेवते.